पैलतीरावरून परत येणारे



मागच्या गुरुवारी नामस्मरणानंतर भवसागराचा विषय निघाला. सद्गुरू म्हणजे नावाडी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण नावाडी पलीकडे नेतो तसा दरवेळी रिकामी नाव घेऊन परतही येतो. हा अर्धा भाग आपण विसरतो, असं आम्हाला वाटतं.

सैन्यात हे फार स्पष्ट दिसतं. लढाईत नदीवर पूल नसतो, असला तर शत्रूनं उडवलेला. मग पायदळाला होड्यांतून पार न्यायचं काम सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं. आपल्या पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. शिपाई पलीकडे उतरला की त्याची नदी संपली. सॅपर मात्र होडी वळवतो, जखमींना अलीकडे आणतो, पुन्हा भरून नेतो. गोळ्या त्याच. १४ फेब्रुवारी १९४५ ला ब्रह्मदेशात सातवी भारतीय डिव्हिजन इरावती ओलांडत होती, तेव्हा काही होड्यांची इंजिनं मध्येच बंद पडली, होड्या प्रवाहाबरोबर वाहू लागल्या. तरी पार नेणं सोडलं नाही.

त्याच वर्षी ९ एप्रिलला इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव होते. नगर जिल्ह्यातले, वय तेवीस, कंपनी कमांडरचे निरोप पोचवणारे साधे शिपाई. ओलांडून आलेल्या मागच्या बांधावरूनच जर्मन मशीनगन सुरू झाल्या. कमांडर जखमी, सोबतचे कुणी पडले, कुणी घायाळ. धडधाकट राहिले एकटे नामदेव. त्यांच्याजवळ होडी कुठली? एका जखमीला उचललं, खोल पाणी, उभा चढ, सुरुंगांचा पट्टा, सगळं ओलांडून सुखरूप ठेवलं. मग परत गेले, दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले आणि मशीनगनची तिन्ही ठाणी बंद केली. पहिलं टॉमीगननं, मग हाताला जखम झाली म्हणून उरलेली दोन हातबॉम्ब फेकून. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली आणि मागच्यांना हातानं बोलावून घेतलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध हे युद्धच, त्याचं कौतुक आम्ही करत नाही. पण ते दुसऱ्यांदा पाण्यात शिरले, तिथं आमचं मन अडकून राहतं. पहिल्या खेपेनंतर बसले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

आता आपलं पाहू. नांदेड-परभणीकडून काचीगुड्याला उतरणारे पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं आपल्याकडं येतात. तेलगू येत नाही, दवाखान्यात कुठली लाईन, कुठली चिठ्ठी, काही समजत नाही. आपल्यातल्या कित्येकांची सुरुवात अशीच झाली ना? कुणीतरी हात धरला. ऑपरेशन झालं, पोरगं नोकरीला लागलं, आणि मग गुरुवारी फक्त आरतीपुरतं येणं. फोटोला नमस्कार, प्रसाद, घर. सुटलो म्हणून आनंद जरूर करावा, पण आपली जागा आता होडीत बसणाऱ्याची राहिली नाही, वल्ह्याची झाली.

काही ताई म्हणतात, आमचे गुडघे दुखतात, आम्ही काय करणार? फोनवर तेलगू बोलून देता येतं की! तेही वल्हंच. केवटानं रामरायाला गंगापार नेलं आणि उतराई घेतली नाही. पण नाव सोडून तो मागंही गेला नाही.

सध्या सेवेला चौघीच आहेत. सोमवार आणि शुक्रवारची सकाळ रिकामी आहे. ज्यांना जमेल त्यांनी आजच ग्रुपवर नाव टाकावं, सोबत तेलगू येतं की नाही तेही लिहावं.