उपासाला किती चालतं?

चतुर्थी असो, एकादशी असो, नाहीतर श्रावणी सोमवार. मराठी स्वयंपाकघरात त्या सकाळी एक प्रश्न येतोच: ‘हे उपासाला चालतं का?’ जिरे चालते का? कोथिंबीर? आले? भेंडी एका घरी चालते, शेजारच्या घरी नाही. वरीचे तांदूळ सोमवारी चालतात, पण एकादशीला कित्येक घरांत नाहीत. मीठ सैंधवच हवे की साधे चालेल यावर सासू-सुनांची बोलणी होतात. नवी सून सासरचे नियम शिकून घेते आणि पुढे आपल्या सुनेला शिकवते. इतक्या बारकाईने चाललेल्या या चौकशीत एक प्रश्न मात्र मी कधी ऐकलेला नाही: किती चालतं?

मला जे सांगायचे आहे ते या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. धर्म जेवणाला वळण लावतो तेव्हा ‘काय’, ‘केव्हा’ आणि ‘किती’ या तिन्ही गोष्टी त्याच्या नजरेत असतात. पण ते वळण समाजाच्या हाती आले की त्यातले ‘किती’ हळूहळू गळते. ‘केव्हा’ थोडेफार टिकते. ‘काय’ मात्र वाढत वाढत सगळी जागा व्यापते. शरीराचे वजन बव्हंशी ‘किती’शी बांधलेले असल्यामुळे नियम काटेकोर पाळूनही माणूस जाड होऊ शकतो.

मूळ व्रतविचारात माप नव्हते असे कोणी म्हणू नये. चांद्रायण व्रत घ्या. त्यात घास मोजलेले आहेत. पौर्णिमेला पंधरा, मग रोज एकेक कमी, अमावास्येला काहीच नाही आणि पुन्हा चंद्राबरोबर एकेक वाढ. धर्मसूत्रांनी संन्याशाला आठ घास, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस असा हिशेब सांगितला. एकभुक्त म्हणजे दिवसात एकदाच जेवण, नक्त म्हणजे फक्त रात्रीचे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्याच्या व्रतखंडात अशा असंख्य व्रतांची नोंद आहे. वैद्यकाचेही म्हणणे वेगळे नव्हते. चरकसंहितेत पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीला मोकळा ठेवायला सांगितले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा माप होते, आणि ते व्रताच्या गाभ्यात होते.

मग ते गेले कुठे? माझे उत्तर असे आहे की समाज एकमेकांकडे पाहूनच नियम पाळतो आणि माप पाहता येत नाही. ताटात पोळी आहे की भगर, हे पंगतीतल्या कोणालाही दिसते. कोणी चुकून शेवेची चिमूट तोंडात टाकली तर ‘अगं, तुझा उपास ना?’ असे म्हणणारी चार माणसे असतात. पण खिचडी तिसऱ्यांदा घेतली म्हणून उपास मोडला असे कोणी म्हणत नाही. एखाद्याची भूक केवढी, त्याला पुरेसे केव्हा झाले, हे त्याचे त्यालाच कळते, आणि तेही मन लावले तर. जे बाहेरून तपासता येत नाही त्यावर समाजाला नियम चालवता येत नाही. म्हणून तो तपासता येईल त्या गोष्टीवर येऊन थांबतो. लबाडी यात कोणाचीच नाही. नियम एका माणसाकडून हजारोंकडे जाताना त्याचे असेच होते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, पण ज्याने ती प्रथम उच्चारली त्याला हे दिसले होते.

गंमत म्हणून नव्हे, तर गोष्ट नीट कळावी म्हणून आपली उपासाची यादी पाहू. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो आणि कसावा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो इकडे आणला, एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात साबुदाण्याचा धंदा उभा राहिला. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा हे सारे अमेरिका खंडातून आलेले. म्हणजे हेमाद्रीच्या काळचा माणूस आपल्या आजच्या उपासाच्या ताटासमोर बसला, तर दूध, तूप, केळे आणि शिंगाडा सोडून त्याला फारसे काही ओळखता येणार नाही. नवे पदार्थ यादीत आले याबद्दल माझी तक्रार नाही. ते आले ते धान्य नसल्यामुळे, म्हणजे यादीच्याच न्यायाने. ते किती खावेत हे ठरवायला मात्र त्यांच्याबरोबर कोणी आले नाही.

आता थोडा घरगुती हिशेब. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचा कूट, एक मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा घेतला की एका माणसाची पोटभर खिचडी होते. तिची ऊर्जा जवळपास ६०० किलोकॅलरी भरते. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि थोडा भात एवढ्या रोजच्या जेवणाची ऊर्जाही साधारण तेवढीच. फरक असा की पोळीभाजीत तंतू आहेत, वरणात प्रथिने आहेत. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यातली प्रथिने शंभर ग्रॅममागे एक ग्रॅमही नाहीत. तो झटकन पचतो, रक्तातली साखर चढवतो आणि लवकरच पुन्हा भूक लागते. मग दुपारी बटाट्याचा तळलेला चिवडा, चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी केळे आणि दूध, रात्री वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. एवढे करून दिवसभर एकही नियम मोडलेला नसतो. आठवड्यात एक वार, महिन्यात चतुर्थी आणि दोन एकादश्या, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस असे जिच्या वाट्याला येतात, तिच्या वर्षातला मोठा भाग या ताटावर जातो. तिला मधुमेह असेल आणि ती गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर उपासाच्या दिवशीचे औषध आणि आहार आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायलाच हवा. साखर एकदम चढणे आणि एकदम उतरणे, दोन्ही धोके तिला आहेत.

हेच ताट आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्यासमोर ठेवा. त्याला दाणे, रताळी आणि साबुदाणा हवाच, चालण्यात ते सारे खर्ची पडते. ज्या पोटांसाठी हे ताट रुळले ती राबणाऱ्यांची होती. आता तेच ताट दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासमोर येते.

सण आणि समारंभ यांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे माप नुसते गळत नाही, त्याला हाकलून दिले जाते. आग्रह हा आपल्याकडे यजमानाचा धर्म. पानावर आडवा हात धरला तरी जिलबी पडते, आणि ती पडली नाही तर ‘वाढपी नीट नव्हते’ अशी चर्चा होते. प्रसादाला नाही म्हणायचे नाही, ताटात टाकायचे नाही आणि पूर्णब्रह्म म्हणून वंदिलेले अन्न मागे ठेवायचे नाही. या तीनही गोष्टी एकेकट्या सुंदर आहेत. अन्नाचा मान आणि पाहुण्याचा मान यांच्यामुळेच दुष्काळी मुलखातही माणसे एकमेकांना धरून राहिली. पण तिन्ही एकत्र आल्या की जेवणाऱ्याला थांबायला जागाच उरत नाही. घरातल्या बाईला तर मुळीच नाही. उपासाचे आणि बिनउपासाचे असे दोन स्वयंपाक ती करते, सर्वांना वाढून शेवटी बसते आणि भांड्यात उरलेले फुकट जाऊ नये म्हणून संपवते. तिच्या वजनाबद्दल बोलताना तिच्या जिभेला दोष देणारे लोक मला सहन होत नाहीत.

हे केवळ आपलेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली एक पाहणी मांडली. अडीच हजारांच्या आसपास तरुण-तरुणींवर तिथे १८ वर्षे लक्ष ठेवले होते. धार्मिक मेळाव्यांना वारंवार जाणारे मध्यम वयात लठ्ठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक निघाली. त्यांच्या चर्चमध्ये खादाडीला पुण्य मानत असतील असे नाही. ख्रिस्ती परंपरेत तर अतिभक्षण हे सात मुख्य पापांपैकी एक आहे. पण प्रार्थनेनंतरच्या जेवणात कोणी किती घेतले हे पाप म्हणून कोणी मोजत नाही.

थायलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथले बौद्ध भिक्खू विनयाच्या, म्हणजे संघाच्या शिस्तीच्या, नियमाप्रमाणे मध्यान्हीनंतर घन अन्न घेत नाहीत. तरीही चुलालोंगकोर्न विद्यापीठाच्या पाहणीत जवळपास निम्मे भिक्खू लठ्ठ आढळले. भिक्षेत जे येईल ते स्वीकारायचे हा नियम, आणि पुण्य लाभावे म्हणून श्रद्धाळू माणसे गोड, तेलकट, उत्तमोत्तम असेच देतात. दुपारनंतर घन अन्न वर्ज्य; पण साखरेची पेये घन नाहीत, म्हणून ती चालतात. इथे तर वेळेचा नियमही आहे, तोही शतकानुशतके सांभाळलेला. तरी ‘काय’च्या फटीतून साखर आत आली.

वेळेचा नियम तरीही यादीपेक्षा बरा, असे माझे मत आहे, कारण सूर्य सर्वांना दिसतो. जैनांचा चौविहार सूर्यास्तानंतर अन्नपाणी थांबवतो. रात्रीचे उशिराचे खाणे त्यामुळे आपोआप टळते. रमजानच्या रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पोट रिकामे असते आणि अनेकांचे वजन महिन्यात थोडे उतरते. पण इफ्तारनंतरच्या तळलेल्या आणि गोड पदार्थांना माप नसेल तर उतरलेले परत यायला वेळ लागत नाही. जैन विचाराने मात्र ‘किती’लाही नाव देऊन ठेवले आहे. सहा बाह्य तपांत अनशनाच्या लगेच पुढे ऊणोदरी येते: भूक असताना, समोर अन्न असताना, थोडे कमी जेवून उठणे. हे तप अनशनाहून कठीण आहे असे मला वाटते. आठ दिवसांच्या अठ्ठाईची मिरवणूक निघते. ऊणोदरीची निघत नाही. ती निघूही शकणार नाही, कारण ती कोणाला दिसतच नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. यादीनेही वजन उतरते, असे दाखवता येते. अमेरिकेतले सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक आहाराबाबत दक्ष असतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांचा सरासरी बीएमआय २३.६ होता, तर त्याच पंथातल्या मांसाहारींचा २८.८. एकच पंथ, एकाच प्रार्थनेला जाणारी माणसे, आणि एवढी तफावत. तेव्हा यादी निरुपयोगी नाही. पण त्या यादीत वर्ज्य केलेल्या जागी कडधान्ये, भाज्या, फळे, कवचाची फळे येतात. तंतूंनी आणि प्रथिनांनी पोट लवकर भरते, आणि माप थोडेसे स्वतःच सांभाळले जाते. आपण पोळी आणि वरण काढून तिथे पिष्ट आणि तूप ठेवले. यादी बदलायचीच असेल तर ती या दिशेने बदलावी: ताक, दही, फळे, काकडी, मूठभर दाणे, थोडी भगर. परंपरेत हे सगळे आधीच बसते.

पण ‘किती’चे काय करायचे? पाली वाङ्मयातल्या संयुत्तनिकायात कोसलच्या पसेनदी राजाची एक हकिकत आहे. तो एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खाई. द्रोण हे तेव्हाचे धान्याचे मोठे माप. एकदा असे जेवून धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला काही वर्ज्य करायला सांगितले नाही, उपास सांगितला नाही. जाणतेपणी माप ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्याचे काम दिले. त्यासाठी रोजची शंभर कार्षापण नाणी ठरवली. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर, म्हणजे बऱ्याच लहान मापावर, आला आणि शरीर हलके झाले.

या हकिकतीत माझ्या विषयाचा उलगडा आहे. राजाला समाजाने आवरले नाही. समाज त्याला आवरू शकलाही नसता. त्याने स्वतःच्या इच्छेने एका माणसाला ताटाजवळ उभे केले. माप दुरून पाळता येत नाही, ते ताटाजवळच पाळावे लागते, आणि तिथे आठवण देणारा आपला माणूस लागतो. हा सुदस्सन आपल्या घरांत कोण आहे? वाढणारी व्यक्ती. आपल्या रीतीने तिला नेमके उलटे काम दिले आहे: अजून थोडे घे म्हणायचे.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या, पुरुषांत सुमारे २३ टक्के. ही माणसे उपास करणारी, प्रसाद घेणारी, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये, विहारात जाणारीच आहेत. त्यांची श्रद्धा कमी करून काही साधणार नाही आणि साधू नये. म्हणून विनंती आहे ती वाढणाऱ्यांना आणि व्यवस्था पाहणाऱ्यांना. येत्या एकादशीला घरात साबुदाणा भिजवण्याआधी माणशी किती, हे बोलून ठरवा. पानावर पहिल्यांदा आडवा हात आला की थांबा. त्यात यजमानाचा मान जात नाही. भंडाऱ्यात आणि सत्यनारायणाला शिऱ्याची वाटी लहान ठेवा. प्रसाद चिमूटभरही पूर्ण असतो. आणि ज्या बाईने दोन स्वयंपाक केले तिला पहिल्या पंगतीला बसवा, तिच्या पानात तिला हवे तेवढेच वाढा आणि उरलेली खिचडी घरातल्या बाकीच्यांनी वाटून घ्या.