प्रत्यभिज्ञा आणि जुन्या वळणाची मोटारसायकल

धुळ्यात पांझरेपलीकडच्या देवपुरात जुन्या घडणीची नवी मोटारसायकल उभी दिसली, की भारतीय दर्शनांतील एक प्राचीन वाद पुन्हा जिवंत होतो. पूर्वी पाहिलेली आणि समोरची वस्तू एकच आहे, ‘हा तोच देवदत्त’, असे सांगणाऱ्या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. न्यायदर्शन मानणारे नैयायिक तिच्या आधारे वस्तूचे स्थैर्य सिद्ध करतात, तर सर्व काही क्षणिक मानणारे बौद्ध तिला, क्षणोक्षणी नवी असूनही एकच भासणाऱ्या दिव्याच्या ज्योतीप्रमाणे, सादृश्यातून उपजलेला भ्रम ठरवतात. २०१८ साली परतलेल्या जावा मोटारसायकलचे २९३ सीसीचे इंजिन रेडिएटरने थंड होते, तरी जुन्या, हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासारख्या फिन, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, त्यावर मुद्दाम राखल्या आहेत. येथे बौद्धांचीच बाजू बळकट वाटते. मात्र जावाचा म्हैसूरचा जुना कारखाना १९९६ साली बंद पडल्यानंतर जन्मलेल्या तरुणालाही ही गाडी ओळखीची वाटते, हे खरे कोडे आहे, कारण न्यायशास्त्रानुसार ओळखीमागची स्मृती संस्कारातून, म्हणजे स्वतःच्या अनुभवाने आत्म्यावर उमटलेल्या ठशातूनच, उपजते. हा ठसा बहुधा वडिलांच्या बोलण्यातून त्याच्याकडे आलेला असतो, आणि शब्दालाही प्रमाण मानणाऱ्या नैयायिकांना ही वाट परकी वाटू नये.