कहाणी कोठून सुरू करावी?

माणसाचा न्याय करताना त्याची कहाणी कोठून सुरू करावी, हा प्रश्न वरवर पाहता कथालेखकाचा वाटतो. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. आणि तो एका गुंडांच्या चित्रपटावरून सुचला म्हटल्यावर, दिवाळीच्या अंकात हे कसले विषय, असे कोणी म्हणेलही. म्हणोत बापडे.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने याचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ १९८४ साली आला. न्यू यॉर्कच्या ज्यू वस्तीतली उनाड पोरे दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गबर होतात. त्यांतला नूडल्स १९३३ साली पोलिसांना आपल्याच मित्रांची खबर देतो. जिवलग मॅक्स बँक लुटायला जाऊन मरण्यापेक्षा थोडे दिवस तुरुंगात गेलेला बरा, हा त्याचा हेतू. त्या रात्री मित्र मारले जातात; निदान पुढली पस्तीस वर्षे नूडल्स तसे समजून जगतो.

लिओनेने हे ओळीने सांगितलेले नाही. आरंभीच अफूच्या अड्ड्यात पडलेला नूडल्स दिसतो, टेलिफोनची घंटा वाजू लागते, आणि दृश्यांमागून दृश्ये पालटली तरी ती थांबत नाही. फोन कोणाचा, कोणाला, हे कळण्याआधीच ती बोचू लागते. बालपण येते ते नंतर. युरोपात हा चित्रपट २२९ मिनिटांचा होता. अमेरिकेतील वितरकांनी तो १३९ मिनिटांवर आणला, आणि प्रसंग कालक्रमाने लावले.

रसिक त्या नव्वद मिनिटांसाठी हळहळतात. मला क्रमाचे अधिक वाईट वाटते. आधी दारिद्र्य दाखवा, मग गुन्हा. प्रेक्षक आपोआप आरोपीचा वकील होतो. ‘बिचारा करणार तरी काय!’ उलट घंटा आधी ऐकू आली, की तेच बालपण बचावाचा पुरावा राहत नाही. हातून गेलेली ठेव होते.

पुढे पूर्ण चित्रपट दोन व्हिडिओ कॅसेटींवर घरोघर गेला. २०१२ साली कान महोत्सवात २५१ मिनिटांची प्रत दाखवली गेली, तीही तबकडीवर आली. लिओने १९८९ सालीच वारला होता. त्याला न्याय मिळाला खरा. पण चित्रपटाबरोबर कात्रीही घरात आली. ज्या डेबोरावर नूडल्स लहानपणापासून जीव टाकतो, तिच्यावरच तो मोटारीत बलात्कार करतो. दृश्य असह्य लांबते. मुले जागी असली की हात रिमोटकडे जातो. जावाच, मुलांदेखत मीही ते चालू ठेवणार नाही. परंतु मोठ्यांनीही ते गाळावे, आणि अखेरीस मोरिकोनेच्या सुरांवर म्हाताऱ्या नूडल्ससाठी डोळे पुसावेत? ही दया फार स्वस्तात मिळालेली आहे.

आमच्या घरात यावर एकमत नाही. पत्नी म्हणते, ते दृश्य पाहिल्यावर दया उरतच नाही, उरूही नये. मला वाटते उरते, पण तिला मान वर करता येत नाही. १९६८ साली नूडल्स डेबोराला तिच्या रंगपटात भेटतो. मॅक्सविषयी विचारतो. क्षमा मागत नाही. मोटारीतला प्रसंग ज्याने पुढे सरकवला, त्याला ही नुसती दोन जुन्या स्नेह्यांची भेट वाटेल.