गुणांवाचूनचे मूल

‘गुण’ या एकाच शब्दात मराठी भाषेने दोन निराळ्या गोष्टी बसविल्या आहेत. उत्तरपत्रिकेवर परीक्षक मांडतो तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. आपल्या घरांतून हे दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की, मुलाचे गुण कसे आहेत असे कोणी विचारले तर आपण टक्के सांगून मोकळे होतो. 2007 सालच्या डिसेंबरात प्रदर्शित झालेला ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट नेमके या गोंधळावर बोट ठेवतो. आमची तक्रार इतकीच की, ठेवलेले बोट तो फार लवकर उचलून घेतो.

कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. ईशान अवस्थी हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा तिसरीत दुसऱ्यांदा बसला आहे. अक्षरे त्याच्यापुढे नाचतात; थोरला भाऊ मात्र वर्गात पहिला. वडील त्याला घरापासून दूर वसतिगृहाच्या शाळेत धाडतात. तेथे निकुंभ नावाचा एक हंगामी चित्रकला-शिक्षक येतो (आडनाव आपल्या खानदेशाकडचे वाटते!), मुलाच्या वह्या चाळतो आणि त्याच्या चुकांतही एक सुसंगती आहे हे ओळखतो. मुलाला डिसलेक्सिया आहे. बुद्धी शाबूत, परंतु अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मनात सहज बसत नाही. मग वाळूत अक्षरे गिरविणे, मातीचे आकार करणे, पायऱ्या चढून-उतरून बेरीज-वजाबाकी शिकणे सुरू होते. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या आणि आमिर खान यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागाला आम्ही नावे ठेवणार नाही. शिकविणे ही किती कष्टाची आणि किती साधी गोष्ट आहे, हे येथे दिसते.

या चित्रपटातील बापाला दुष्ट ठरविणे सोपे आहे. आम्हांला ते जमत नाही. नंदकिशोर अवस्थी भ्यालेला आहे, आणि त्याचे भय आमच्या ओळखीचे आहे. तो नावावरून उत्तरेकडचा आणि राहतो मुंबईत. आम्ही तिकडचे आणि राहतो दिल्लीत. आम्हां केंद्र सरकारच्या कारकुनांना या परमुलखात कोणी आणले असेल तर ते लेखी परीक्षेने. गावाकडे परतून कसावे असे शेत बहुतेकांपाशी उरलेले नाही, मुलाला बसवावे अशी पेढीही नाही. वारसा म्हणून द्यावयाची ती परीक्षा देण्याची सवय तेवढी. जे मूल तो वारसाच घेऊ शकत नाही, त्याचे पुढे काय होणार, या विचाराने बापाचा आवाज चढतो. शेजारच्या क्वार्टरात निकालाच्या दिवशी चढतो तोही याच भयापोटी. दुष्टपणावर इलाज करता येईल. या भयाला निकुंभापाशीही उत्तर नाही.

त्याऐवजी तो दुसरेच काही सांगतो. हा मुलगा बुद्धिमान आहे, त्याची चित्रे पाहा, असे तो म्हणतो. वर्गात तो जगप्रसिद्ध माणसांची यादी वाचतो. तीत आइन्स्टाइन येतो, लिओनार्दो येतो. शेवटी शाळेत चित्रस्पर्धा होते. ज्येष्ठ चित्रकार ललिता लाजमी परीक्षक म्हणून येतात आणि ईशान पहिला येतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांना धारा लागतात, आमच्याही लागल्या. परंतु डोळे पुसल्यावर ध्यानात येते की, परीक्षेतील गुण दारातून घालवून दिले होते आणि अंगचे गुण खिडकीतून आत घेतले. मोजमाप राहिलेच, मोजण्याची वस्तू तेवढी बदलली. समजा, ईशानला वाचताही आले नसते आणि चित्रही काढता आले नसते, तर?

हा प्रश्न आम्ही बाहेरून आणलेला नाही. निकुंभ ज्या दुसऱ्या शाळेत शिकवितो, तेथील मुले काही क्षण पडद्यावर येतात. त्यांची बुद्धी मागे आहे. कोणत्याही यादीत त्यांचे नाव येणार नाही. चित्रपट त्यांच्याकडे प्रेमाने पाहतो आणि पुढे जातो, कारण त्यांच्यापाशी कथा नाही. निर्गुणाची भजने भक्तिभावाने ऐकणाऱ्या आपल्या समाजालाही निर्गुण मूल सोसत नाही, हे येथे जाणवते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1785 सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला आहे. ज्याला किंमत असते, त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचे दुसरे काही ठेवता येते. माणसाच्या जागी तसे काही ठेवता येत नाही. भेद उत्तम आहे, परंतु कांटने ही प्रतिष्ठा माणसाच्या विवेकशक्तीवर उभी केली आणि म्हणून त्याच्या दारातही मंदबुद्धीचे मूल थोडे ताटकळतेच. आईला हा अडसर येत नाही. ती आधी जवळ घेते, कारण मागाहून शोधते, किंवा शोधतही नाही.

आमच्या व्यवसायाला मात्र मोजल्यावाचून गत्यंतर नाही. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात सातच प्रकार होते. ईशानचा त्यांत नव्हता, म्हणजे चित्रपट आला तेव्हा त्या कायद्याच्या लेखी हा मुलगा नुसताच नापास होता. 2016 च्या कायद्याने प्रकार एकवीस केले आणि अध्ययन-अक्षमतेला त्यांत जागा दिली. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव झाल्या, पैकी 1 टक्का स्वमग्न, मंदबुद्धी, मनोरुग्ण, अध्ययन-अक्षम आणि बहुविकलांग अशा सर्वांत मिळून. त्यासाठी किमान 40 टक्के अक्षमतेचा दाखला लागतो. तेथेही उत्तीर्ण व्हावे लागते! हसू येते खरे, परंतु सरकारकडून आम्ही याहून निराळी अपेक्षा करीत नाही. ज्याला वाटप करावयाचे आहे, त्याने हिशेब ठेवलाच पाहिजे. घराला वाटप करावयाचे नसते. तरी कार्यालयातली फूटपट्टी संध्याकाळी पिशवीतून घरी येते आणि जेवणाच्या वेळी मुलांच्या ताटाशेजारी ठेवली जाते.

स्पर्धेच्या त्या दिवशी ईशानच्या शाळेतील कडक शिक्षकही खुल्या रंगमंचाच्या पायऱ्यांवर रंग घेऊन बसतात. त्यांना चित्रकला येत नाही. आधी ते संकोचतात, मग हसू लागतात. निकाल जाहीर होईपर्यंतचा तो वेळ आम्हांला साऱ्या चित्रपटात अधिक मोलाचा वाटतो.

आणि त्याच्याही आधीचा एक प्रसंग. बाप निकुंभाला भेटावयास आला आहे. डिसलेक्सियाविषयी आपल्या पत्नीने वाचले आहे, आपल्याला मुलाची काळजी नाही असे कोणी समजू नये, हे तो सांगून जातो. परत जाताना त्याला ईशान दिसतो. मुलगा फलकासमोर उभा राहून त्यावरील शब्द एकेक अक्षराने, अडखळत जुळवीत आहे. स्पर्धा अद्याप व्हावयाची आहे. त्याच्यापाशी टक्के नाहीत आणि बक्षीसही नाही. बापाचे डोळे भरून येतात. तो थोडा वेळ पाहत राहतो, आणि मुलाला हाक न मारता निघून जातो.