फेस कोणाचा?

सूर्योदयापूर्वी कॉफी करण्याची सवय मला माटुंग्यास बिऱ्हाड होते तेव्हा शेजारच्या एका तमिळ मामींनी लावली. टंब्लरातली कॉफी हात डोक्याइतका उंच नेऊन खालच्या डवऱ्यात ओतावी, डवऱ्यातली पुन्हा टंब्लरात घ्यावी, आणि अशा चार-पाच फेऱ्यांत वर बोटभर फेस उभा करावा, एवढाच तो विधी. त्याला दोन पितळी भांड्यांवाचून अन्य सामग्री लागत नसे. माझा हात तितका स्थिर नसल्याने मी रवीचा आश्रय केला. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच, म्हणजे बोटाला चांगला चटका बसेल पण कढ येणार नाही इतपत, तापवून पातेले किंचित कलते धरावे आणि रवी दुधाच्या पृष्ठभागालगत फिरवावी, म्हणजे दुधातील प्रथिने हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. स्निग्धांश त्या पापुद्र्याचा वैरी, म्हणून साय काढलेले दूध अधिक फुलते. (झाकणाच्या बरणीत दूध हलवूनही हेच साधते, मात्र ते थंड असावे, कोंडलेल्या गरम दुधाने एकदा झाकणासकट माझा सदरा बाद केला.)

आता जे वर आले ते काय? वजनाच्या जमाखर्चात काडीचीही भर नाही, आणि प्याला तर काठोकाठ भरलेला. सांख्य म्हणेल, ते दुधात अव्यक्त होतेच. नैयायिक म्हणेल, ते नव्याने उत्पन्न झाले. आणि या तंट्याचा फैसला माझ्या ओट्यावर होणे नाही. संयुत्तनिकायात मात्र गंगेवरून वाहत जाणारा फेसाचा गोळा दाखवून बुद्धांनी रूपाची निःसारता सांगितली, आणि डोळसपणे पाहणाऱ्याला त्यात गाभा सापडत नाही, हे मला निरुपाय होऊन मान्य करावे लागते.

तरीही गाभा नाही म्हणून सामर्थ्य नाही, हे अनुमान मला मान्य नाही. दिवसा वा रात्री, ओल्याने वा सुक्याने मारणार नाही, अशा वचनात इंद्र नमुची असुरापाशी अडकला, तेव्हा शतपथ ब्राह्मणाच्या कथेप्रमाणे अश्विनीकुमारांनी आणि सरस्वतीने पाण्याच्या फेसाचेच वज्र सिद्ध केले, कारण तो ओलाही नव्हता आणि सुकाही नव्हता. आणि रात्र सरून सूर्य उगवायचा होता अशा वेळी त्या वज्राने नमुचीचे मस्तक उडाले.

त्याहून मला विचारात पाडतो तो महाभारताच्या आदिपर्वातील उपमन्यू. गुरू धौम्यांनी त्याची भिक्षा काढून घेतली, दुधाला मनाई केली, तेव्हा गाई राखणारा हा शिष्य दूध पिताना वासरांच्या तोंडून गळणाऱ्या फेसावर राहू लागला. आपण कोणाचे काही घेत नाही, अशी त्याची समजूत. पण गुरूंनी त्यालाही हरकत घेतली, कारण वासरे दयाळू, ती तुझ्यासाठी अधिक फेस टाकतील आणि स्वतः उपाशी राहतील. ज्याला तत्त्वज्ञांनी निःसार ठरवले त्याचा धौम्यांनी वासरांच्या खाती हिशेब धरला! पुढे रुईची पाने खाऊन आंधळा झालेला उपमन्यू विहिरीत पडला, आणि त्याची दृष्टी परत देण्यास आले तेही अश्विनीकुमारच. फेसाच्या दोन्ही कथांत पहाटेच्या याच देवांनी हजर व्हावे, याचे मला रवी हातात घेताना, खिडकीबाहेर अजून अंधार असतो तेव्हा, मोठे कौतुक वाटते.