हवेतलं बोलणं कुणाचं?

लेखक : नाशिकला मोबाइल आला तो थेट डिजिटल जीएसएमचा, देशात १९९५ साली सेवा सुरू झाली तीच या तंत्राची. त्यामुळे अमेरिकेने १९८३पासून सोसलेला प्रकार आपल्या वाट्याला आला नाही. तिथल्या ॲनालॉग फोनचा आवाज टॉवरपर्यंत साध्या एफएम लहरींवर, कसलंही गुप्तीकरण न होता जाई. ती फ्रिक्वेन्सी पकडणारा स्कॅनर असला, की परक्याचं बोलणं घरबसल्या ऐकू येई. ते ऐकणं गैर होतं, असं माझं मत.

वकील : गैर कसं? तुमचा आवाज माझ्या घरात शिरला, मी तुमच्या घरात शिरलो नाही. आपल्याकडे लँडलाइनवर क्रॉस कनेक्शन व्हायचं, तेव्हा कुणाला आरोपी केलंत?

लेखक : क्रॉस कनेक्शन आपोआप होई, वकीलसाहेब, स्कॅनर विकत आणून, फ्रिक्वेन्सी शोधत बसावं लागे. पहिलं वाक्य कानावर पडलं तर तो अपघात. दुसऱ्या वाक्यासाठी थांबलात, की जबाबदारी तुमची.

वकील : आणि फोन म्हणून रेडिओ विकणारी कंपनी? १९८६ साली तिथल्या कायद्याने ऐकणं गुन्हा ठरवलं, लहरी मात्र उघड्याच राहिल्या. दाराला कडी नाही, पण 'आत डोकावू नये' अशी पाटी!

लेखक : हे खोडता येत नाही. दोष कंपनीचा मोठा, पण म्हणून ऐकणारा सुटत नाही. २१ डिसेंबर १९९६ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंगरिच यांचा सहकाऱ्यांशी चाललेला कॉल फ्लोरिडातल्या जोडप्याने स्कॅनरवर टेप केला. टेप विरोधी खासदाराकडे आणि तिथून वृत्तपत्रांत पोचली. जोडप्याला प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला.

वकील : टेपमध्ये लोकांना कळायलाच हवं असं काही असेल तर? २००१मध्ये, बार्टनिकी खटल्यात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असं संभाषण ऐकवणाऱ्या रेडिओ निवेदकाला संरक्षण दिलं. टेप त्याने केली नव्हती आणि विषय सार्वजनिक होता. ऐकणारा गुन्हेगार, ऐकवणारा मोकळा!

लेखक : इथे माझं गाडं अडतं. पण आपला खरा प्रश्न शेजाऱ्याचा नाहीच. जीएसएमचं कुलूप फोनपासून टॉवरच्या यंत्रणेपर्यंतच. पुढे कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये बोलणं उघडं असतं आणि सरकार तिथेच कान लावतं. गिंगरिच यांच्या कॉलच्या तीनच दिवस आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल खटल्यात टॅपिंगला बांध घातला. नाशिकच्या पोलिसांनाही एरवी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक सुरक्षेचं कारणच दिसत नव्हतं.

वकील : लाचेचा पुरावा पुसला, तरी मान्य?

लेखक : मान्य. रेडिओवाल्याने टेप चोरली नव्हती. इथे नियम मोडणारा आणि टेप वापरणारा एकच होता.