‘रिलिजन’ आणि धर्म

कोलकात्यातील एका तरुणाने प्रस्तुत लेखकास विचारले, “पंडितजी, गीता शेवटी सर्व धर्म सोडावयास सांगते, मग वडिलांचे श्राद्ध मी कशाला करू?” त्याने गीता इंग्रजीतून वाचली होती आणि तेथे ‘धर्म’ या शब्दास ‘रिलिजन’ हा प्रतिशब्द होता. शंका प्रामाणिक होती, दोष प्रतिशब्दाचा होता.

हा प्रतिशब्द जुना आहे. चार्ल्स विल्किन्स यांचे गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकात हाच शब्द योजिला आहे.

‘रिलिजन’ हा शब्द लॅटिन ‘रेलिगिओ’पासून आला. सिसरो त्याचे मूळ ‘पुनःपुन्हा लक्षपूर्वक पाहणे’ या अर्थाच्या धातूत शोधतो, तर ख्रिस्ती लेखक लॅक्टँशिअस ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूत. उपासनेतील दक्षता किंवा ईश्वराशी बंधन, हे दोन्ही अर्थ आदरणीयच. परंतु ‘धर्म’ शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून झाला आहे. राजधर्म, पुत्रधर्म यांना ‘रिलिजन’ कसे म्हणावे?

२ फेब्रुवारी १७८६ रोजी याच नगरीत, एशियाटिक सोसायटीपुढे, सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले. पुढील भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘धृ’चा लॅटिनमधील सगोत्र शब्द ‘फिर्मुस’ म्हणजे दृढ हा होय. त्यापासून ‘दृढ करणे’ हे क्रियापद, त्यावरून इटालियन ‘फिर्मा’ म्हणजे सही, आणि तिच्यावरून व्यापारी पेढीस ‘फर्म’ हे नाव!

मग त्या श्लोकात काय सोडावयाचे? श्रीशंकराचार्य तेथे ‘धर्म’ शब्दात अधर्मही घेतात, कारण त्यांच्या मते नैष्कर्म्य विवक्षित आहे. श्रीरामानुजाचार्य फलाचा व कर्तृत्वाचा त्याग सांगतात. पंथ टाकावा, असे दोघेही म्हणत नाहीत. उपदेशानंतर अर्जुनही रणातून निघून गेला नाही, स्वकर्तव्यास उभा राहिला.

त्या तरुणाच्या वडिलांची बडाबाजारात फर्म होती. त्यांच्या सहीचे देणे तो निमूटपणे फेडीत होता. मी म्हटले, “बाबा, वडिलांची सही तू राखतोस, हा पुत्रधर्मच आहे. श्राद्धही त्याच धर्माचे अंग. दोन्ही कर, फक्त ‘मी केले’ हा अभिमान तेवढा सोड.”

सद्गृहस्थहो, अर्जातील ‘रिलिजन’च्या रकान्यात एक शब्द लिहून भागते. धर्म मात्र प्रतिदिनी आचरावा लागतो.